तिसरी हाक

विमलाने पिशवीतला उंडा, म्हणजे गोल पाव, मोडला, अर्धा रानाच्या राखणदाराच्या दगडापुढे ठेवला आणि अर्धा परत फडक्यात गुंडाळला.

"काकी, अख्खो ठेवतत," गौरेश सवयीने म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"म्हायत आसा माका. ह्यो अर्दो दुसऱ्याचो."

दुसरा कोण ते त्याने विचारलं नाही. विडी पेटवून त्याने दगडाच्या खाचेत उभी केली, पायातले बूट काढले आणि रानात शिरण्याआधी घालायचं गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, आज ही तुजी लेकरां तुज्या रानात जातत. जशी जातत तशी भायर येवंदेत. वाटेत काय वाकडा-तिकडा आसात तर ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," विमला म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या कोल्हापूरच्या जोडप्याला आपणही काही म्हणायचं असतं हे ठाऊक नव्हतं. नवरा निखिल, बायको रेश्मा. हरमलला खोली घेऊन राहिलेली, चार दिवसांत समुद्राचा कंटाळा आला म्हणून अभयारण्यातलं तळं बघायला निघालेली. निखिलच्या पाठीवरची बॅग बघून वाटावं की हा बिऱ्हाड हलवतोय. विमलाच्या हातात मात्र एक कापडी पिशवी, पायात रबरी चपला आणि साडीवर लांब बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, शेतात जाताना बायका घालतात तसा. तो शर्ट गौरेशने सकाळी गेटवरच ओळखला होता आणि तेव्हापासून तो तिच्या पुढे-पुढेच चालत होता, म्हणजे सारखं बघायला नको.

"तुमची आई नेहमी येते का बरोबर?" रेश्माने विचारलं.

"आई नाही माझी. काकी आहेत." इतकं बोलून तो वाटेला लागला.

विमला साईशची आई, आणि तो शर्ट साईशचा. साईश दोन वर्षं गौरेशच्या हाताखाली ह्याच वाटेवरून पर्यटक नेत असे. गेल्या साली पाऊस ओसरला आणि पहिल्याच ट्रेकला एक पाहुणा फोटो काढण्याच्या नादात तळ्यावर मागे राहिला. त्याला आणायला साईश परत वर गेला. पाहुणा दुसऱ्याच वाटेने सुखरूप खाली उतरला, गेटपाशी सावलीत बसून त्याने डबाही खाल्ला. साईश आला नाही. मग शोधायला माणसं आली, पट्टीचे पोहणारे आले, कुत्रे आले, भोंगे आले. तळ्याचा तळ चाचपून झाला, पलीकडची घळ उतरून झाली. आठवडा झाला आणि परतीचा पाऊस असा कोसळला की वाटही बुजली आणि शोधही थांबला. देह नाही, कपडा नाही, पायातली वहाण नाही. वर्षभर तळ्याची वाट बंद होती, ती ह्या हंगामात उघडली.

माणूस मेला तर घर रडतं, सुतक धरतं, तेराव्याला गोडधोड करून पुन्हा उभं राहतं. साईशच्या घराला ह्यातलं काहीच करता आलं नव्हतं. धाकट्या सेजलचं लग्न मयेच्या एका चांगल्या घरी ठरलं होतं. ती माणसं सभ्य, म्हणून वर्षभर थांबली. पण सभ्यपणालाही कुठेतरी कड असतेच. तुमच्याकडे सुतक आहे की नाही तेवढं एकदा सांगा, असा त्यांचा निरोप आला तेव्हा जयरामने, म्हणजे विमलाच्या नवऱ्याने, दोडामार्गला मूळ घरी भावाला फोन लावला.

बाबुराव दुसऱ्या दिवशी सर्वणात, जयरामच्या घरी, हजर. घराण्यातला वडील माणूस, आणि शहाणपण वाटताना त्याने कधी हात आखडता घेतला नाही. पण ह्या वेळी तो बोलला ते खोटं नव्हतं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, पुढचं सगळं रीतसर करतात. शास्त्र आहे. पोराच्या जिवाला वाट मिळेल आणि पोरीच्या लग्नालाही.

"तेका नीट हाकच मारूक नाय कोणी," विमला खिडकीपाशी उभी राहून म्हणाली होती.



*

वाट चढणीला लागली तशी रेश्माला दम लागला, आणि दम लागला की तिला बोलायला सुचत असे. "दादा, तुमचा एक व्हिडिओ बघितला होता मी. त्यात तुम्ही ते तीन हाकांचं सांगता ना? आज नाही सांगितलंत?"

गौरेशचा हात झुडपाची फांदी बाजूला करता-करता तिथेच थांबला. तो किस्सा तो प्रत्येक ट्रेकला सांगायचा, ह्याच वळणावर, आवाज बारीक करून. पर्यटकांना असलं काही ऐकून अंगावर काटा आणायला आवडतं. आज त्याने ते वळण मुकाट्याने ओलांडलं होतं.

"तां काय, अशाच गजाली," तो पुटपुटला.

"गजाल न्हय," मागून विमला म्हणाली. ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "रानात कोणी नाव घेवन हाक मारली तर ओ देवची नाय. दुसरी मारली तरी नाय. माणूस आसलो तर तिसरी मारता. दुसरो कोण आसलो तर तेका दोनच येतत. म्हणान तिसरी आयकल्याबिगर तोंड उगडूचा नाय."

"आणि हे लोक खरंच पाळतात?"

"माजो झील पाळी. घरातसुदीक."

आणि ते खरं होतं. लहानपणी गुरांमागे रानात जाणाऱ्या साईशला विमलाने हा नेम घोकून घेतला होता, पाढे घ्यावेत तसा. गुरं गेली, पोरगा मोठा झाला, पण नेमाची त्याने घरात थट्टा करून ठेवली. जेवायला हाक मारली की गप्प. दुसरी मारली की गप्प. खाटेवर पडून मोबाइल बघत असायचा, सगळं ऐकू येत असायचं. तिसरीला मात्र विमला कावलेली असायची, "येतस काय ताट उचलू?" आणि तो हसत यायचा, "आता खात्री जाली गो, आवसच आसा." बावीस वर्षांचा घोडा झाला तरी हे चालू. सेजल म्हणायची, ह्याच्या बायकोला आवाज टिकवायला खडीसाखर लागेल.

रेश्माने हसायला तोंड उघडलं होतं, ते गौरेशच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. पुढच्या टप्प्यावर तो तिच्या आणि निखिलच्या मध्ये थांबला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. त्यानंतर निखिलने विमलाची पिशवी धरायला मागितली. विमलाने दिली नाही.

कातळ लागला तिथे विमलाच गौरेशच्या बरोबरीला आली. वर्षभर तो तिला टाळत होता. डिचोलीच्या बाजारात ती दिसली की हा दुसऱ्या गल्लीत शिरायचा. आता वाट एकच होती.

"गौरेश, तू तेका किती हाको मारलंस?"

"लय मारलंय काकी. घसो बसलो माजो."

"एका जाग्यार उबो रवान तीन?"

त्याने घाम पुसला. पुसून झाल्यावरही हात कपाळावरच ठेवला. "मोजूक नाय. हय मारलंय, फुडे गेलंय, थंय मारलंय. काळोख पडा होतो काकी. खंय खंय बगतलंय एकटो?"

"तुका दोष दिना नाय मी."

दोष ती कुणालाच देत नव्हती. शोधाचा तो आठवडा ती गेटपाशी बसून होती. भोंगा साईशचं नाव घ्यायचा, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरी घ्यावी तसं, आणि पुढे सरकायचा. एका जागी तीन वेळा मारा, असं तिने भोंगेवाल्याला सांगितलं होतं. तो "हो मावशी" म्हणाला आणि गेला. रान मोठं, दिवस लहान, त्याने तरी काय करावं? पण साईश कुठेतरी पाय मोडून पडला असेल, ऐकत असेल आणि तिसरीची वाट बघत असेल, हे एकदा तिच्या मनात आलं ते काही केल्या गेलं नाही.

बाबुराव ह्यावर हसला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "विमल, मोबाइल घेवन फिरणारो पोरगो भुताक भियान गप रवतलो?"

"भियान न्हय. सवयीन."

मग तिनेच तोड काढली. भटजींना सांगण्याआधी मला एकदा वर जाऊ द्या. तिथे उभी राहून मी तीन हाका मारते. त्याने ओ दिली नाही, तर तुम्ही म्हणाल ते करा, माझा शब्द आडवा येणार नाही. बाबुरावने जयरामकडे बघितलं, जयरामने जमिनीकडे. सेजल आत भांडी घासत होती, त्या भांड्यांचा आवाज तेवढा थांबला.

विमला वेडी नव्हती. माणूस पाय मोडून वर्षभर रानात जगत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पावसाळा कसा पडला तोही तिने पाहिला होता, कौलांवरचा एकेक थेंब अंगावर घेतल्यासारखा. पण कळणं आणि मानणं ह्यांच्यात केवढं अंतर असतं हे ज्याला ते अंतर चालावं लागतं त्यालाच ठाऊक.

*

तळं एकदम समोर आलं. तिन्ही बाजूंनी झाडी, समोर काळा कडा आणि मधे हिरवट, जड पाणी. वारा नव्हता. काठच्या एका किंदळीच्या झाडाला पिवळी नायलॉनची दोरी अजून बांधलेली होती, पोहणाऱ्यांनी गेल्या साली बांधलेली. उन्हाने ती पांढुरकी पडली होती आणि तिचं दुसरं टोक पाण्यात गेलेलं होतं.

रेश्माने नवऱ्याचा दंड धरला आणि ती दोघं काठाकाठाने पलीकडे गेली, दिसेनाशी होईपर्यंत. फोटो कुणी काढला नाही.

विमला कातळाच्या टोकाला गेली. चपला काढल्या. पिशवी चपलांशेजारी ठेवली. गौरेश तिच्या मागे दहा हातांवर थांबला, म्हणजे तोल गेलाच तर धरता यावं.

"साईशाऽऽ"

किंचाळून नाही. स्वयंपाकघरातून खाटेपर्यंत जावी तेवढीच, फक्त थोडी लांबवलेली. हाक पाण्यावरून गेली आणि कड्याच्या अंगाला विरून गेली. एक शेकरू कचकचत होतं, ते थांबलं. घरी पहिल्या हाकेनंतर ती ताट पुसायची, भात वाढायची, भातावर माशाचं हुमण घालायची. तेवढा वेळ ती थांबली. शेकरू पुन्हा सुरू झालं.

"साईशाऽऽ, ये रे बाबू"

ह्या हाकेला आवाज फाटला. घरी दुसऱ्या हाकेनंतर खाट करकरायची. तो उठलेला नसायचा, नुसता कूस वळून हसत असायचा, पण करकर ऐकली की तिला कळायचं, आहे, ऐकतोय. समोरच्या झाडीत काहीतरी करकरलं. बांबूवर बांबू घासला असावा. विमलाचे दोन्ही हात पोटाशी आले आणि तिने मान पुढे काढली. गौरेशनेही श्वास धरला, आपण काय ऐकायची आशा करतोय ह्याची लाज वाटत असूनही. मग पुन्हा काही नाही. पाण्यावर एक पान पडलं आणि पडल्या जागीच राहिलं.

तिने छाती भरून श्वास घेतला. गौरेशने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

श्वास आत होता, तोंड उघडं होतं, आणि विमला तशीच उभी राहिली. आता एकच उरली होती. ती मारली आणि पलीकडून काही आलं नाही, तर ते न येणं साईशचं असणार नव्हतं. आतापर्यंतचं सगळं गप्प राहणं त्याचं होतं. आईने शिकवलं तसा तो थांबला होता, एवढ्या भोंग्यांना, एवढ्या माणसांना त्याने दाद दिली नव्हती. एक हाक उरली होती तोवर तो तिच्या शब्दात होता.

तिने श्वास सोडला. तोंड मिटलं. वाकून चपला पायात घातल्या आणि पिशवी उचलली.

"काकी?" गौरेशच्या हातात टोपी तशीच होती.

"चल. खाली गेटार सेजलचे बापूस एकटेच आसत."

*

गौरेश पलीकडे जाऊन त्या दोघांना घेऊन आला आणि सगळी खाली उतरली. राखणदाराच्या दगडापुढचा अर्धा उंडा गेलेला होता. माकडांनी नेला असेल. गौरेशने बूट काढून हात जोडले, ह्या वेळी मनातल्या मनात, आणि ते नेहमीपेक्षा लांबलं.

जयराम गेटपाशी रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. कंबरेमुळे आपल्याला चढवणार नाही, असं त्याने सकाळी सांगितलं होतं. खाणी चालू होत्या तेव्हा वीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकून त्याची कंबर गेली होती हे खरं, पण आज ती कंबर निमित्ताला कामी आली होती, हे विमलालाही कळत होतं आणि त्यालाही. तो सकाळपासून उपाशी असणार. तिला येताना बघून तो उठला, दोन पावलं आला आणि थांबला. हातात फोन होता.

"काय झाला गो?"

विमलाने चपलेत गेलेला खडा झटकून काढला.

"मारलंय हाको."

"तिनय?"

"तिनय."

जयरामने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्यावरून गौरेशकडे. अविश्वास नव्हता त्या बघण्यात. एवढी गोष्ट एकट्या बायकोच्या तोंडून ऐकून पुढे जायचं त्याला बळ नव्हतं, एवढंच.

"गौरेश?"

गौरेश खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. नाडीला गाठ बसली होती, आणि ती सुटेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"व्हय काका," तो म्हणाला. "तीन. ह्या फावटी मोजलंय मी."

विमलाने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. रेश्मा गाडीकडे जाता-जाता थबकली, तिने विमलाकडे बघितलं आणि ती पुढे गेली.

"बरां," जयराम म्हणाला. त्याने पाठ केली आणि फोन लावला. "दादा, सांग भटाक." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "नाय," तो म्हणाला. "देवक नाय ओ." फोन खाली घेतल्यावरही तो तसाच रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. विमला त्याच्याजवळ गेली, पिशवीतून पाव-भाजीची पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. फडक्यात बांधलेला अर्धा उंडा पिशवीतच राहिला. तो उभ्याउभ्याच खायला लागला, खाली बघत, आणि खाता-खाता त्याचे खांदे हलू लागले. तिने त्याला खाऊ दिलं.

स्कूटर चालू झाली तेव्हा गौरेश जवळ आला.

"काकी, दर आयताराक मी वर आसतंय," तो हळूच म्हणाला.

तिने मान हलवली आणि जयरामच्या मागे बसली. पिशवी मांडीवर घेतली. बाहीचं बटण सुटलं होतं, ते लावलं.

डांबरी रस्ता लागला. "काय म्हणा होतो गौरेश?" जयरामने वाऱ्यात विचारलं.

ती बोलली नाही.

"विमल?" त्याने मान थोडी मागे वळवली. "गो विमल, बरी आसस मां?"

तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल ह्याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिने त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि सर्वण येईपर्यंत तो तसाच राहू दिला.